मोबाईलमधला ज्ञानकोश आणि घरचा अभ्यास



यंदा जयंतीनिमित्त आमच्या वस्तीतील विहाराच्या अभ्यासिकेत शाळकरी मुलांची निबंध स्पर्धा झाली. विषय होता 'बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन'. तपासण्याचे काम आमच्याकडे आले. हौसेने घेतले, परंतु गठ्ठा सोडल्यावर लक्षात आले की निबंध वीस-पंचवीस असले तरी लिहिणारा जणू एकच आहे. तीच वाक्ये, तोच क्रम, तीच विशेषणे. एका मुलाने तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी कंसात आकडे लिहिले होते. कुठे बारा, कुठे तेरा, कुठे एकवीस. प्रथम आम्हाला वाटले, हे गुणांचे काही गणित असावे. मग एका तरुण कार्यकर्त्याने हसत हसत सांगितले, "सर, हे विकिपीडियातले संदर्भाचे आकडे आहेत. पोराने जसेच्या तसे उतरवलेत."

हसू आले, आणि वाईटही वाटले. कारण मुलाचे अक्षर वळणदार होते, कष्ट खरे होते. रात्री जागून त्याने चार पाने लिहिली होती. फक्त त्यातले एक वाक्यही त्याचे नव्हते.

पुढे तीन निबंधांत आणखी एक गंमत सापडली. बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. कधी मिळाली, याची तिघांनी तीन वर्षे दिली होती. एकाने १९१६, दुसऱ्याने १९१७ आणि आठवीतल्या एका मुलीने १९२७. आमच्या डोक्यात १९१६ पक्के बसलेले. आम्ही स्वतः कितीतरी जयंत्यांच्या भाषणांत ते ठोकून दिले आहे. तेव्हा लाल शाईने १९२७ वर काट मारली, गुण कापले आणि निबंध बाजूला ठेवला.

निकालानंतर ती मुलगी अभ्यासिकेत आली. सोबत तिची आई होती. बाई चार घरची धुणीभांडी करतात. घरात मोबाईल एकच, आणि तो आईजवळ. त्यामुळे मुलगी रात्री साडेनऊला आई परतल्यावर अभ्यासाला बसते. तिने निबंध पुढे केला आणि विचारले, "आजोबा, माझं काय चुकलं?"

आम्ही म्हटले, "बाळ, साल चुकले. १९१६ पाहिजे."

"पण मोबाईलमध्ये १९२७ आहे."

"मोबाईलमध्ये काहीही असते."

"मग तुमच्याकडे कुठे आहे?"

वाचकहो, खरे सांगतो, आमच्याकडे उत्तर नव्हते. ते साल कधीतरी कोणाच्या तरी भाषणात ऐकलेले. तिलाही विचारले, "मोबाईलमध्ये ते कोणी लिहिले? कशावरून लिहिले?" तिच्याकडेही उत्तर नव्हते. म्हणजे परीक्षक आणि विद्यार्थी, दोघांचाही दोष एकच. आम्ही ऐकलेले सांगत होतो, ती उतरवलेले लिहीत होती. शेवटी तिघेही अभ्यासिकेतल्या कपाटापाशी गेलो आणि पुस्तके काढून बसलो.

मग उलगडा झाला. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. परंतु त्या काळी कोलंबिया विद्यापीठात प्रबंधाच्या छापील प्रती दाखल केल्याशिवाय पीएच.डी. प्रदान होत नसे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये बाबासाहेबांना मायदेशी परतावे लागले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला तो १९२५ साली, आणि पदवी प्रदान झाली ती १९२७ साली. म्हणजे १९१६-१७ ही वर्षे त्यांच्या परदेशातील अभ्यासाच्या पहिल्या पर्वाची आणि १९२७ हे पदवी हाती पडण्याचे. मुलीचे साल बरोबर होते. आम्ही चुकलो होतो. तिचे गुण परत दिले, आणि चारचौघांत चूक कबूल केली.

हा प्रसंग सांगण्याचे कारण, या मोबाईलमधल्या ज्ञानकोशाविषयी आपल्या घरांत दोन टोकांची मते दिसतात. मुलांना वाटते, तिथे आहे म्हणजे खरेच. आमच्या पिढीला वाटते, तिथे आहे म्हणजे खोटेच. दोन्ही मते आळशीपणाची आहेत.

हा ज्ञानकोश चालतो कसा?

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेत सुरू झाला. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. छापील ज्ञानकोशात संपादक मंडळ असते, ते तज्ज्ञांकडून नोंदी लिहवून घेते, तपासते, मग छापते. इथे तसे नाही. कोणीही लिहावे, दुसऱ्याने ते दुरुस्त करावे, तिसऱ्याने त्यात भर घालावी, अशी पद्धत. लिहिणारे विनामोबदला लिहितात. लिहिणारा प्राध्यापक असेल, तुमच्या शेजारचा दहावीतला मुलगाही असेल. बहुतेकांची खरी नावे वाचणाऱ्याला कळत नाहीत.

अशा पद्धतीत सगळा कचराच जमेल असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २००५ साली 'नेचर' या विज्ञानविषयक साप्ताहिकाने विज्ञानाच्या ४२ विषयांवरच्या नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. इंग्रजी विकिपीडियात सरासरी एका नोंदीत चार चुका निघाल्या आणि नामांकित ब्रिटानिका ज्ञानकोशात तीन. ब्रिटानिकाने त्या तपासणीवर जोरदार आक्षेप घेतला. तरीही छापील म्हणून निर्दोष आणि मोबाईलमधले म्हणून टाकाऊ असा हिशोब चालणार नाही, एवढे त्यातून दिसले.

शिवाय आपल्या घरांचाही विचार करा. ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, बाप शिकलेला आहे, त्या घरातल्या मुलाला मोबाईल बंद करायला सांगणे सोपे आहे. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, तिथे हा फुकटचा ज्ञानकोश म्हणजे एक उघडे दार आहे. ते लावून घ्या असे आम्ही कधीच म्हणणार नाही. मात्र दारातून आत जाताना पाय कुठे पडतो ते मुलांना पाहता आले पाहिजे.

डिचोलीचे न झालेले युद्ध

आता पाय कसा घसरतो ते पाहा. उदाहरण आपल्या शेजारचेच आहे.

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर गोव्यातील डिचोलीच्या नावाने एक लेख आला. १६४० ते १६४१ या काळात गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोली भागात युद्ध झाले, मग तह झाला, असा त्याचा आशय. लेख छोटा नव्हता. साडेचार हजार शब्दांच्या आसपास मजकूर, पोटमथळे, तळाशी संदर्भग्रंथांची यादी. दोनच महिन्यांत त्याला 'चांगला लेख' असा दर्जाही मिळाला. हा दर्जा फार थोड्या लेखांच्या वाट्याला येतो.

आणि असे युद्ध कधी झालेच नव्हते. सगळे कोणा एकाने रचलेले होते. यादीतले ग्रंथही अस्तित्वात नव्हते. पाच वर्षांहून अधिक काळ तो लेख तसाच राहिला. अखेर एका जागरूक संपादकाने त्यातली पुस्तके शोधायला घेतली, ती कुठेच मिळेनात, तेव्हा बिंग फुटले आणि डिसेंबर २०१२ मध्ये लेख काढून टाकण्यात आला.

आता आपल्या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकावर बोट ठेवून विचार करू. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे १६४० साली ते दहा वर्षांचे होते. राज्याभिषेक झाला १६७४ साली. मग १६४० मध्ये मराठा साम्राज्य आले कोठून? डिचोलीचा मुलूख तर त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीकडे होता. जी गोष्ट मोठमोठ्यांच्या नजरेतून सुटली, ती महाराष्ट्रातले चौथीचे पोरही पकडू शकले असते. अट एकच, त्याने उतरवून घेण्याआधी वजाबाकी करायला हवी होती. १६४० मधून १६३० गेले, राहिले दहा!

म्हणून आम्ही म्हणतो, पाठ्यपुस्तक आधी, मोबाईल नंतर. ज्याच्या डोक्यात काहीच नाही त्याला सगळेच खरे वाटते. ज्याने आपला धडा नीट वाचला आहे, त्याला खोटे खटकते.

खोट्याला साक्षीदार कसे मिळतात?

यापेक्षा अवघड चूक दुसऱ्या प्रकारची. दक्षिण अमेरिकेत कोआटी नावाचा लांब नाकाचा प्राणी आहे. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून विकिपीडियातल्या त्याच्या लेखात भर घातली की या प्राण्याला 'ब्राझीलचा आर्डवार्क' असेही म्हणतात. आर्डवार्क हा आफ्रिकेतला वेगळाच प्राणी. तरी काही वर्षांत हे नाव इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत आले, पुस्तकांतही छापले गेले. आणि पुढे गंमत अशी की त्याच छापील मजकुराचा संदर्भ देऊन विकिपीडियातले ते वाक्य पक्के झाले! ज्याने अफवा उठवली त्याच्याच अफवेला परत येऊन साक्ष मिळाली.

आपल्या मुलांना हे नीट समजावून द्यावे लागते. मूल म्हणते, "मी दोन ठिकाणी पाहिलं, दोन्हीकडे हेच आहे." पण दुसऱ्याने पहिल्याचेच उतरवले असेल तर साक्षीदार दोन नव्हेत, एकच. हल्ली मोबाईलला प्रश्न विचारला की तो लेख दाखवण्याऐवजी स्वतःच दोन परिच्छेद रचून देतो. त्याचे शिक्षणही अशाच ज्ञानकोशांवर आणि इंटरनेटवरच्या इतर मजकुरावर झालेले असते. तो इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की विचारणाऱ्याचा धीरच होत नाही. त्यालाही तोच प्रश्न विचारायचा: कशावरून?

आणखी एक, आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्ञानकोशात चुकीचे काय आहे ते शोधता येते, जे मुळात नाहीच ते कसे शोधणार? मराठी विकिपीडिया इंग्रजीच्या मानाने फार लहान आहे. अनेक नोंदी चार-पाच ओळींच्या. महाडच्या सत्याग्रहाला गावोगावहून चालत गेलेली माणसे, सभांना भाकरी बांधून आलेल्या आयाबहिणी यांपैकी कितीजणांची नोंद तिथे असेल? मूल शोधते, सापडत नाही, आणि त्याच्या मनात बसते की असे कोणी नव्हतेच. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या हकिकती टिपल्या आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. ते माहितीचे काम कोणत्याही मोबाईलमध्ये आयते नव्हते, त्यांना माणसांकडे जावे लागले. आपल्या घरातही आजी बसलेली असते. पोर तिच्या शेजारी बसून मोबाईलमध्ये आजीच्या काळाचा इतिहास शोधत असते!

घरी काय करावे?

आता कामाचे बोलू. निबंध असो वा शाळेचा प्रकल्प, मुलांना पुढील सवयी लावाव्यात, असे आमचे सांगणे आहे.

पहिली सवय, लेख वरून वाचला तरी शेवटपर्यंत जाणे. तळाशी संदर्भांची यादी असते. मजकुरातले कंसातले आकडे तिकडेच बोट दाखवतात. ते वहीत उतरवायचे नसतात, त्यांच्या मागे जायचे असते. एक तरी संदर्भ उघडून पाहावा. ज्या वाक्याला संदर्भच नाही, त्यावर आपल्या निबंधाचा भार टाकू नये.

दुसरी सवय, लेखासोबत 'इतिहास पहा' आणि 'चर्चा' अशी पाने असतात ती चाळणे. लेख कधी बदलला, किती वेळा बदलला, कशावरून वाद झाला, हे तिथे दिसते. छापील पुस्तकात ही सोय नाही. ज्या गोष्टीवरून रोज ओढाताण चालू आहे, ती गोष्ट जपून घ्यावी हे मुलाला आपोआप कळते. विकिपीडियाचे संपादकही आपल्याच एका लेखाचा आधार दुसऱ्या लेखासाठी पुरेसा मानत नाहीत. मग आपण तरी का मानावा?

तिसरी सवय, नावे, तारखा आणि आकडे दुसऱ्या वेगळ्या ठिकाणी ताडून पाहणे. परवाच्या निबंधांत दोघांनी मनुस्मृतीचे दहन २० मार्च १९२७ रोजी घातले होते. २० मार्च हा चवदार तळ्याचा दिवस, आणि दहन झाले २५ डिसेंबर १९२७ रोजी. गाव एक, साल एक, म्हणून घोटाळा. ताडून पाहण्यासाठी वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. त्यात नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव असते, आणि तो आता मोबाईलवरही फुकट वाचता येतो. मात्र त्याचे आरंभीचे खंड १९७० च्या दशकातले आहेत, तेव्हा लोकसंख्या, कारखाने, धरणे यांचे आकडे त्यातून घेऊ नयेत. बाबासाहेबांविषयी लिहायचे तर वसंत मून यांनी संपादन सुरू केलेले, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले लेखन आणि भाषणांचे खंड आहेत. धनंजय कीर आणि चां. भ. खैरमोडे यांनी लिहिलेली चरित्रे आहेत. विहारांतून आणि सार्वजनिक वाचनालयांतून ही पुस्तके असतात. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, तेवढे मात्र शोधावे लागते!

चौथी सवय, वाचून झाल्यावर मोबाईल पालथा ठेवून लिहिणे. जे आठवते ते आपल्या शब्दांत. चार ओळी कमी झाल्या तरी चालतील. आणि पानाच्या शेवटी, 'हे अमुक पुस्तकातून घेतले' अशी ओळ लिहावी. शाळेत मागितली नाही तरी लिहावी. पुढे कॉलेजात, स्पर्धा परीक्षांत, वकिलीत, डॉक्टरीत हीच सवय कामाला येते. उतरवून पास झालेली मुले तोंडी परीक्षेत कशी गप्प होतात, ते शिक्षक मंडळींना विचारा.

यावर एखादी भगिनी म्हणेल, "भाऊ, हे सगळं शिकलेल्यांसाठी झालं. मला वाचताच येत नाही, मी काय तपासू?" त्यांना आम्ही त्या मुलीच्या आईचेच उदाहरण देऊ. कपाटापाशी आम्ही पुस्तके उलटत होतो तेव्हा त्या शांत बसून होत्या. त्यांना त्यातले अक्षर वाचता येत नव्हते. परंतु आमचे बोलणे त्यांनी नीट ऐकले. पंधरा दिवसांनी मुलगी पुन्हा पुस्तक बदलायला आली तेव्हा जराशा तक्रारीच्या सुरात म्हणाली, "आजोबा, आई आता रोज मला पिडते. मी काही लिहिलं की विचारते, हे कोणी सांगितलं? कशावरून? मग मला दाखवावं लागतं."

आम्ही तिला विचारले, "मग दाखवतेस का?"

"दाखवते. परवा सापडलंच नाही, म्हणून ती ओळ खोडून टाकली."

आई-वडील शिकलेले नसले तरी हे दोन प्रश्न त्यांना विचारता येतात. ज्यांच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच लिहिले, आणि जे लिहिले ते खरे म्हणून चालले, त्या आपल्या समाजाच्या मुलांना तर हे प्रश्न विचारता आलेच पाहिजेत. मग ते छापील पोथीला असोत, भाषण ठोकणाऱ्या आमच्यासारख्याला असोत, की मोबाईलला.

येत्या रविवारपासून आमच्या अभ्यासिकेचे कपाट सायंकाळी सहा ते आठ उघडे ठेवायचे ठरले आहे. आपापल्या विहारातही अशी सोय करता येईल का, याचा कार्यकर्त्यांनी विचार करावा. फार खर्च नाही. दोन तास बसणारा एक माणूस, एक बाकडे आणि किल्ली, एवढेच लागते.

जयभीम.